हलका धागा, भक्कम वीण
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी धम्म, समाज, शिक्षण, नोकरी अशा विषयांवर विचार ऐकत आलो आहोत. यंदा कार्यकारिणीने मला विज्ञानातील एखादा नवा विषय मांडावयास सांगितले. मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील कारकून. तेव्हा समीकरणे आणि आलेख यांची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये. परंतु विज्ञान ही केवळ वैज्ञानिकांची मिरासदारी नाही, हेही तितकेच खरे. जे वाचून समजले ते साध्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो. विषय आहे कार्बन तंतूंचे हलके पदार्थ आणि त्यांना अधिक बळकट करणाऱ्या कार्बनच्या नॅनोनलिका.

आपण म्हणाल, मनीषनगरच्या विहारात बसून कार्बनच्या नळ्यांची चर्चा कशाला? तर कारण अगदी जवळचे आहे. सायंकाळी आपल्या गच्चीवर उभे राहिले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरणारी विमाने दिसतात. वर्धा मार्गाने थोडे पुढे गेले की मिहान लागते. या मिहानमध्ये टाटा समूहाच्या 'टाल' या कंपनीने कारखाना उभारला आणि तेथे बोइंग ७८७ या मोठ्या प्रवासी विमानाच्या मजल्याखाली बसणाऱ्या तुळया तयार होऊ लागल्या. २०१६ च्या सुरुवातीस अशी पाच हजारावी तुळई बोइंगकडे सुपूर्द झाली. पुढे हे काम टाटा समूहाच्याच टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्सकडे गेले. या तुळया लोखंडाच्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियमच्याही नाहीत. त्या कार्बनच्या धाग्यांच्या आहेत. हजारो मैलांवर आकाशात उडणाऱ्या विमानात प्रवाशांच्या पायांखाली नागपूरच्या हातांनी घडविलेली वस्तू आहे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आणखी एक योगायोग पाहा. याच टाटा घराण्याने नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली होती. या गिरणीच्या भोंग्यावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांची घड्याळे चालली. २००२ साली गिरणी कायमची बंद पडली. म्हणजे धाग्याचा उद्योग नागपुरात नवा नाही. त्या काळी धागा कापसाचा होता, आज तो कार्बनचा आहे. आणि आपल्या समाजाचे धाग्याशी नाते तर गिरणीच्याही आधीचे आहे. विदर्भात आपल्या समाजातील अनेक घरांतून जाडेभरडे कापड विणले जात असे. गिरण्यांच्या कापडाने तो हातमाग बसला आणि विणकर मजूर झाला.

गिरणीत तरी काय घडले? मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या ओठांनी धागा विटाळतो असे सांगितले जाई. विणाई खात्यात पगार जास्त, म्हणून तेथेच दार बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. कामगारांच्या मागण्यांत ही मागणीही असलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हे मी इतिहास म्हणून सांगत नाही. नवा धागा आला की त्याच्या विणाई खात्यात कोण बसणार आणि कचरा झाडण्यावर कोण राहणार, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने विचारावा लागतो, म्हणून सांगतो.

आता मूळ विषयाकडे वळू.

कार्बन म्हणजे कोळसा, काजळी, पेन्सिलीतील शिसे आणि हिरासुद्धा. मूलद्रव्य एकच, अणूंची मांडणी वेगळी, म्हणून गुण वेगळे. अणूंची ओळ एका दिशेने नीट लावली की तोच कोळसा पोलादाला मागे टाकतो. १८७९ साली एडिसनने विजेच्या दिव्यासाठी कापसाचा धागा जाळून कार्बनची तार केली, त्यानंतर बांबूच्या तंतूची केली. ती तार उजेड देई, पण तिच्यात बळ नव्हते. बळकट कार्बन तंतूची वाट जपानच्या ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी १९५९ ते १९६१ या काळात दाखविली. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचे एक कृत्रिम सूत असते. आपण वापरतो त्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचेच ते भावंड. हे सूत ताणून धरून प्रथम हवेत दोनशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवितात. नंतर ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार ते पंधराशे अंशांपर्यंत नेतात. ऑक्सिजन नाही म्हणून ते पेटत नाही. इतर अणू निघून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बनचा काळा, चकचकीत तंतू उरतो. त्याची जाडी पाच ते सात मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण एक दशांश.

त्याचे बळ किती? आपल्या भागात सतत बांधकामे सुरू असतात. तेथील सळईवर ५०० हा आकडा उठविलेला तुम्ही पाहिला असेल. त्याचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताणापर्यंत ती सळई कायमची लांबत नाही. साधा कार्बन तंतू ३,५०० न्यूटनपर्यंत टिकतो आणि विमानासाठी वापरला जाणारा तंतू ५,५०० च्या घरात जातो. शिवाय पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, तर हा तंतू पाण्याच्या दुपटीपेक्षाही हलका. वजनास वजन लावून पाहिले तर ढोबळमानाने तीसपट फरक पडतो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हे बळ सुट्या तंतूचे आहे आणि तेही त्याच्या लांबीच्या दिशेने ओढले तरच. दोरी ओढायला भक्कम असते, पण दोरीवर कोणी उभे राहू शकत नाही. तंतूला वस्तूचा आकार द्यावयाचा तर त्याला धरून ठेवणारे काहीतरी लागते. ते काम रेझिन करते. रेझिन म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्यासारखा एक कृत्रिम राळेचा प्रकार.

हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. आपल्या गावाकडची कुडाची भिंत आठवा. बांबूच्या कमच्यांचा तट्टा उभा करावयाचा आणि दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा द्यावयाचा. नुसता तट्टा वाऱ्याने हलतो. नुसती माती पावसाने ढासळते. दोन्ही एकत्र आले की भिंत उभी राहते. बांबू ताण सोसतो, माती बांबूला जागेवर धरते. कार्बन तंतूच्या वस्तूतही हेच. तंतू म्हणजे बांबू आणि रेझिन म्हणजे माती. जगातील सर्वांत आधुनिक विमानाचा सांगाडा तत्त्वतः आपल्या आजीच्या कुडाच्या भिंतीचाच वंशज आहे!

कारखान्यात काम कसे चालते? हजारो तंतूंची एक पट्टी, एका पट्टीत कधी तीन हजार तर कधी बारा हजार तंतू. अशा पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून त्यांचे थर तयार करतात. रेझिन आधीच घट्ट होऊ नये म्हणून हा माल शीतपेटीत ठेवावा लागतो. मग साच्यावर एकावर एक थर बसवितात, एक उभा, एक आडवा, एक तिरपा, जेणेकरून प्रत्येक दिशेने बळ मिळावे. नंतर प्रचंड प्रेशर कुकरसारख्या भट्टीत उष्णता आणि दाब देऊन सर्व एकजीव करतात. बोइंग ७८७ च्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन अशा संमिश्र पदार्थांचे आहे. हे विमान ऑक्टोबर २०११ मध्ये प्रवासी सेवेत आले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये एअर इंडियाकडे पहिले विमान आले. आपल्या देशाच्या तेजस या लढाऊ विमानाच्या सांगाड्याचाही सुमारे ४५ टक्के भार संमिश्र पदार्थांचा आहे. तेजसचे उत्पादन आता आपल्या नाशिकलाही होऊ लागले आहे. वजन घटले की इंधन वाचते, हा त्यातील सरळ हिशेब.

मग उणीव कोठे आहे? उणीव दोन थरांच्या मधल्या जागेत आहे. प्रत्येक थरात तंतू आडवे झोपलेले असतात. एका थरातून दुसऱ्या थरात जाणारा एकही तंतू नसतो. तेथे नुसते रेझिन असते. वहीची पाने कितीही जाड असली तरी पानाला पान गोंदाने चिकटविलेले असेल तर ती सुटणार गोंदातूनच. विमानाच्या पंख्यावर एखादे अवजार पडले, धावपट्टीवरचा खडा उडून लागला, तर अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या वस्तूवर वरून काहीच दिसत नाही, पण आत थर सुटू लागलेले असतात. न दिसणारी इजा ही दिसणाऱ्या इजेपेक्षा अधिक घातक. यासाठी विमानाची तपासणी ध्वनिलहरींनी करावी लागते. दुसरी उणीव विजेची. धातूवर वीज पडली तर ती पसरून निघून जाते. रेझिनमधून वीज नीट वाहत नाही, म्हणून विमानाच्या पृष्ठभागात धातूची बारीक जाळी बसवावी लागते. वजन वाचविण्यासाठी कार्बन आणला आणि विजेसाठी पुन्हा धातू घातला, असा हा पेच.

येथे कार्बनच्या नॅनोनलिकांचा प्रवेश होतो.

पुन्हा कुडाच्या भिंतीकडे चला. आपली वडीलधारी माणसे गिलाव्याच्या मातीत कुटार मिसळत असत. का? कारण नुसती माती वाळली की तडकते. कुटाराच्या काड्या भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात आणि भेग पुढे सरकू देत नाहीत. नॅनोनलिका म्हणजे रेझिनच्या मातीतले कुटार. तंतूचा बांबू जेथे पोहोचत नाही तेथे ही बारीक काडी पोहोचते.

बारीक म्हणजे किती? कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीसारखी, सुरळी करून गुंडाळली की नळी होते. तिचा व्यास एका नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. केस हा कार्बन तंतूच्या दहापट जाड, तर कार्बन तंतू हा दहा नॅनोमीटरच्या नळीच्या सुमारे सातशेपट जाड. जपानमधील सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली या नळ्यांचे स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केले आणि जगभर संशोधनाची लाट उसळली. पण १९५२ सालीच रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन रशियन संशोधकांनी अशा नळ्यांची छायाचित्रे छापली होती. ती रशियन भाषेत होती म्हणून जगाने वाचली नाहीत. भाषेची भिंत ज्ञानाला कशी अडविते, याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. २००० साली अमेरिकेत एकेक नळी ओढून मोजली, तेव्हा तिचे बळ दर चौरस मिलिमीटरला ११ हजारांपासून ६३ हजार न्यूटनपर्यंत भरले. आपल्या सळईचा आकडा ५००, हे विसरू नका.

आपल्याकडचे योगदानही सांगितले पाहिजे. केरळात जन्मलेले आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले पुलिकेल अजयन यांनी १९९४ साली आपल्या सहकाऱ्यांसह रेझिनमध्ये नॅनोनलिका घालून पाहिल्या. तो या विषयातील अगदी आरंभीचा प्रयोग. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापरापासून कार्बनचे पदार्थ बनविण्यावर काम केले. त्यांच्यापैकी मुकुल कुमार यांनी पुढे जपानच्या मेइजो विद्यापीठात योशिनोरी आंदो यांच्यासोबत कापराच्या वाफेपासून एका दिशेने उभ्या राहिलेल्या नॅनोनलिका तयार केल्या. २००३ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. आपल्या घरात असणारा कापूर, सोबत फेरोसीन हे लोहाचे संयुग आणि तापलेली बंद नळी. लोहाच्या सूक्ष्म कणावर कार्बन जमत जातो आणि नळी वाढते. अर्थात घरी कापूर जाळून होणारी काजळी म्हणजे नॅनोनलिका नव्हेत. कोणी तसा प्रयोग करून तो धूर छातीत ओढू नये.

आता खरा प्रश्न. ६३ हजारांचे बळ असलेली वस्तू रेझिनमध्ये घातली की विमान कितीतरी पट बळकट व्हावयास हवे. तसे झाले काय? झाले नाही. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिले कारण गुठळ्या. पिठले करताना बेसन घाईने टाकले तर गाठी होतात, हे आपल्या घरातील प्रत्येक बाई जाणते. नॅनोनलिका एकमेकींना इतक्या चिकटतात की त्यांच्या गाठी सुटता सुटत नाहीत, आणि गाठ म्हणजे बळ नव्हे, तेथूनच तडा सुरू होतो. दुसरे कारण, नळ्या थोड्या वाढविल्या तरी रेझिन इतके दाट होते की ते तंतूंच्या आत शिरत नाही. म्हणून शंभर किलो रेझिनमध्ये जेमतेम अर्धा-एक किलो एवढेच प्रमाण बहुधा झेपते. तिसरे कारण पकडीचे. नळीचा पृष्ठभाग गुळगुळीत. रेझिनने तिला घट्ट धरले नाही तर ताण पडताच ती म्यानातून तलवार निघावी तशी सुटून येते. एकट्याचे बळ कितीही असो, शेजाऱ्याशी पकड नसेल तर ते बळ समूहाच्या कामी येत नाही. हा नियम पदार्थाला लागू आहे, तसाच समाजालाही लागू आहे.

यावर उपाय शोधले गेले. एक उपाय मिसळण्याचा. ध्वनिलहरींनी किंवा रुळांमध्ये दळून गाठी सोडवितात आणि नळीच्या अंगावर असे रासायनिक गट बसवितात की रेझिन त्यांना धरील. दुसरा उपाय, कार्बन तंतूच्या अंगावरच नळ्या उगवावयाच्या, सुरवंटाच्या अंगावरील केसांसारख्या. पण त्यासाठी लागणारी उष्णता आणि लोहाचे कण मूळ तंतूलाच दुबळे करतात, म्हणून कमी तापमानाच्या पद्धती शोधाव्या लागल्या. तिसरा उपाय मला सर्वांत आवडला. अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये ब्रायन वॉर्डल यांच्या गटाने नळ्यांचे उभे रान वेगळे वाढवून ते दोन थरांच्या मध्ये ठेवले. एका चौरस सेंटिमीटरमध्ये अब्जावधी नळ्या, सर्व उभ्या. गरम झालेले रेझिन त्यांच्यामध्ये शिरते आणि वरचा थर खालच्या थराला जणू टाक्यांनी शिवला जातो. म्हणूनच याला नॅनो-शिलाई म्हणतात. आपल्याकडे वाकळ शिवतात तशीच ही गोष्ट. जुनी लुगडी एकावर एक नुसती ठेवली तर ती घसरतात, टाके घातले की वाकळ होते. २०१६ साली या गटाने काही चाचण्यांत सुमारे ३० टक्के अधिक भार पेलल्याचे दाखविले आणि २०२४ मध्ये अतिशय पातळ थरांच्या नमुन्यांत भेगेला होणारा विरोध सुमारे ६० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे सांगितले. शंभरपट नव्हे, ६० टक्के. पण जेथे उणीव होती नेमक्या तेथे. नळ्यांतून वीज वाहते, त्यामुळे विजेचा पेच सोडविण्याचे आणि आतली भेग विजेच्या मोजणीवरून ओळखण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

विद्यार्थ्यांनी यातून एक धडा घ्यावा. २००५ च्या सुमारास परदेशात सायकलींचे सांगाडे आणि बेसबॉलच्या बॅटी 'नॅनो' म्हणून विकल्या जाऊ लागल्या. आज तर रंगापासून पाण्याच्या यंत्रापर्यंत सर्वत्र 'नॅनो'ची चिठ्ठी दिसते. भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले? कोणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून स्वीकारू नका. स्वतः पारखा, हितकारक असेल तर घ्या. ही कसोटी केवळ पुरोहितालाच लावावयाची नाही, ती विक्रेत्यालाही लावावयाची आहे. किती टक्के, कोणत्या चाचणीत, कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न विचारले की अर्धा बाजार गप्प होतो.

आपल्या प्राचीन तंत्रज्ञानाचीही एक गोष्ट येथे सांगतो. दक्षिण भारतातील पोलाद पूर्वी पश्चिम आशियात जाई आणि त्यापासून दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तलवारी बनत. २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातील अशा एका तलवारीच्या तुकड्यात कार्बनच्या नॅनोनलिका आढळल्याचे प्रसिद्ध केले. यावरून काही जण लगेच म्हणतात की आमच्या पूर्वजांना नॅनोचे ज्ञान होते. मला वाटते, हे बरोबर नाही. त्या कारागिरांच्या हातात कौशल्य होते, पण ते का घडते हे कळण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते. आणि कृती लिहून ठेवण्याइतकी अक्षरे ज्या हातांना मिळू दिली नाहीत, त्या हातांबरोबर ती विद्या मरून गेली. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे उत्खननात अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती चालविणाऱ्यांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. ज्या समाजाने भट्टीला हात लावणाऱ्याला लेखणी दिली नाही, त्या समाजाचे विज्ञान खुंटले. जातिव्यवस्था ही श्रमांचीच नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. त्याची किंमत केवळ आपण नव्हे, साऱ्या देशाने मोजली.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो आहे धुळीचा.

अ‍ॅस्बेस्टॉस आपल्याला माहीत आहे. आपल्या अनेक वस्त्यांवर आजही त्याचे सिमेंटी पत्रे दिसतात. तोही एके काळी चमत्कारी पदार्थ होता. स्वस्त, न जळणारा, टिकाऊ. त्याचे बारीक, लांब, ताठ तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही आणि अनेक वर्षांनी कर्करोग होतो. २००८ साली एडिनबरोच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले की लांब, ताठ नॅनोनलिकाही तशाच वागू शकतात. २०१४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा एका विशिष्ट प्रकारच्या नळीला मानवात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकले. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ साली कामाच्या जागेसाठी मर्यादा सुचविली, एक घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅम. म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! सर्व नळ्या सारख्या नसतात. आखूड व गुंतलेल्या नळ्यांचा धोका वेगळा, आणि रेझिनमध्ये एकदा पक्की बसलेली नळी विमानात बसणाऱ्या प्रवाशाला काही करीत नाही. धोका आहे तो कोरडी भुकटी ओतणाऱ्याला, वस्तू कापणाऱ्याला, भोक पाडणाऱ्याला, घासकाम करणाऱ्याला आणि सायंकाळी ती खोली झाडणाऱ्याला.

ती खोली कोण झाडतो, हे मी आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच हा विषय केवळ पदार्थविज्ञानाचा राहत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. खाणीतील स्त्रियांचे प्रसूतीचे हक्क, कामगारांचे तांत्रिक शिक्षण, १९४६ साली आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा, या सर्वांमागे त्यांची एकच दृष्टी होती, की यंत्र माणसासाठी आहे, माणूस यंत्रासाठी नाही. आपली मुले उद्या अशा कारखान्यात लागतील. कोणी पर्यवेक्षक होईल, कोणी फिटर, कोणी कंत्राटी सफाई कामगार. त्यांनी विचारावयास शिकले पाहिजे. धूळ ओढून घेणारे यंत्र आहे काय? मुखपट्टी साध्या कापडाची आहे की बारीक कण अडविणारी? भुकटी झाडूने झाडतात की ओल्या फडक्याने टिपतात? कंत्राटी कामगाराचीही वैद्यकीय तपासणी होते काय? हे प्रश्न विचारणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे. सम्यक आजीविका म्हणजे दुसऱ्याला इजा न करणारी उपजीविका. मग स्वतःच्या आणि सोबत्याच्या फुप्फुसाला इजा होऊ न देणे हेही त्यातच आले.

आता पालक विचारतील, मार्ग कोणता? दहावीनंतर आय.टी.आय. आहे, पदविका आहे. प्लास्टिक व संमिश्र पदार्थांच्या शिक्षणासाठी केंद्र शासनाची सिपेट ही संस्था आहे, तिचे केंद्र आपल्या विदर्भात चंद्रपूरला आहे. नागपुरात व्ही.एन.आय.टी. आहे, १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्था आहे, जी आता विद्यापीठ झाली आहे. कार्बनचा प्रतिस्पर्धी अ‍ॅल्युमिनियम, त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही नागपूरलाच वाडी येथे आहे. परदेशात जावयाचे तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शासनाची शिष्यवृत्ती आहे. आणि कर्जाबाबत माझ्या टेबलावर रोज विचारणा होते म्हणून सांगतो. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत साडेसात लाखांपर्यंत घर-जमिनीचे तारण लागत नाही. आई-वडिलांनी केवळ तारण नाही या भीतीने मुलीचे शिक्षण थांबवू नये. मी मुद्दाम मुलीचे म्हटले. कारण थर नीट बसविणे, सुरकुती न पडू देणे, गाठ न होऊ देणे हे काम सावध आणि शिस्तीच्या हातांचे आहे, आणि त्यात स्त्री-पुरुष हा भेद नाही.

मित्रहो, एका काळी धाग्याला आमचा ओठ चालत नव्हता. आज कार्बनच्या धाग्याला कोणाचीही जात कळत नाही. त्याला कळते ती फक्त हाताची अचूकता आणि डोक्यातील ज्ञान. पण कारखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला अजूनही जात कळते, हे विसरून चालणार नाही. म्हणून ज्ञानही हवे आणि संघटनाही हवी. कुडाच्या भिंतीत बांबू, माती आणि कुटार तिघेही लागतात. आपल्या समाजातही शिकून पुढे गेलेला, मध्येच अडकलेला आणि अजून मागे राहिलेला, या तिन्ही थरांना जोडणारे टाके हवेत. नाही तर वरून सर्व ठीक दिसेल आणि आतून थर सुटत जातील. ही संस्था असे टाके घालण्याचे काम करीत आहे. विद्यार्थ्यांनी येथील अभ्यासिकेत या विषयाचे एखादे पुस्तक वाचून मला माझ्या व्याख्यानापेक्षा पुढचा प्रश्न विचारावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.



जय भीम! नमो बुद्धाय!